छोटा पुस्तक महोत्सव भरवायचाय? गाणी-गोष्टींसकट सगळं सांगतो

आपल्या भागात एखादा छोटासा पुस्तक महोत्सव भरवावा असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, मग चार जण बसतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, कोणीतरी म्हणतं गाणी ठेवू, कोणी म्हणतं मुलांसाठी कथाकथन ठेवू, कोणी म्हणतं एखादा मोठा लेखक बोलवू, आणि बघता बघता त्याचं गॅदरिंग होतं. लोक येतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. पुस्तकांचं टेबल कोपऱ्यात आणि त्यामागे बसलेला माणूस मोबाईल बघतोय. हे टाळायचं असेल तर सुरुवातीपासून एकच गोष्ट धरून ठेवा, ती म्हणजे गाणं आणि गोष्ट ऐकून उठलेला माणूस पुढच्या दोन मिनिटांत पुस्तकापाशी पोचला पाहिजे. जागा, वेळापत्रक, कलाकार, टेबलं कुठे लावायची, सगळं या एका हिशोबाने ठरवायचं. मी खाली जे काही सांगतोय ते फिरून फिरून तिथेच येणारे.

पहिल्या वर्षी छोटं म्हणजे खरंच छोटं ठेवा. एक दिवस, त्यातही चार-पाच तास, एक मुख्य जागा आणि गोष्टींसाठी एक वेगळा कोपरा, बास. लोकांना वाटतं छोटं केलं तर कोण विचारणार. अमेरिकेत टेनेसी राज्यात जोन्सबरो नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९७३ च्या ऑक्टोबरात पहिला कथाकथन महोत्सव झाला तेव्हा चक्क एका वॅगनवर उभं राहून लोकांनी गोष्टी सांगितल्या आणि ऐकायला मोजकी माणसं होती. तो महोत्सव आजही चालू आहे आणि आता तिथे मोठमोठे तंबू लागतात. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावाचंही तसंच, तिथला महोत्सव १९८८ मध्ये सुरू झाला पण जुन्या पुस्तकांची दुकानं तिथे १९६० च्या दशकापासूनच वाढत गेली होती. म्हणजे आधी पुस्तकं, मग महोत्सव. आपल्याकडे सगळ्यांना आधी स्टेज लागतं.

टीम पाच-सहा जणांची पुरे, पण प्रत्येकाकडे एकेकच काम आणि ते नावानिशी लिहून. एक जण जागा आणि परवानग्या बघणार, एक पुस्तकं, एक कलाकार, एक पैसे, एक प्रसिद्धी, आणि एक जण असा हवा ज्याच्याकडे त्या दिवशी काहीच काम नाही. हो, मुद्दामच, कारण ऐनवेळी वायर सापडत नाही, कोणाचं तरी मूल हरवतं, पाहुणा चुकीच्या गेटवर उभा असतो, आणि त्यावेळी मोकळा माणूस लागतोच. तयारीला साधारण तीन महिने धरा. पहिल्या महिन्यात तारीख, जागा, परवानग्या, दुसऱ्यात कलाकार आणि पुस्तकवाले पक्के, तिसऱ्यात प्रसिद्धी आणि व्हॉलंटियर.

तारखेबद्दल थोडक्यात. जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिलला असतो, युनेस्कोने तो १९९५ मध्ये जाहीर केला. बालपुस्तक दिन २ एप्रिलला, कारण त्या दिवशी परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्म. कथाकथनाचाही जागतिक दिवस आहे, २० मार्चच्या आसपास. असा दिवस मिळाला तर पोस्टरवर छान दिसतं पण त्याच्या मागे लागून परीक्षेच्या तोंडावर कार्यक्रम ठेवू नका. परीक्षा, मोठी मॅच, शेजारचा दुसरा कार्यक्रम, हे तीन बघून घ्या आणि जो दिवस मोकळा असेल तो घ्या.

आता जागा, आणि इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण निम्मा कार्यक्रम जागेवर ठरतो. वाचनालय मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण पुस्तकं आधीच तिथे आहेत आणि सभासद नोंदणीचं टेबल तिथेच टाकता येतं. नाहीतर शाळेचा हॉल, सोसायटीचा हॉल, सावली असलेली बाग. हॉल बघायला गेलात की मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि ऐका. टाळीचा आवाज लगेच विरला तर ठीक, पण तो घुमत राहिला तर तिथे गाणं कदाचित बरं वाटेल पण बोलणं नीट कळणार नाही, शब्द एकमेकांवर चढतात. टाइल्स, काच, उघड्या भिंती असल्या की हे होतंच. जाड पडदे, सतरंज्या, आणि मुख्य म्हणजे माणसं भरली की घुमणं कमी होतं, त्यामुळे रिकामा हॉल थोडा घुमला तर लगेच नको म्हणू नका.

उघड्यावरची भानगड वेगळी. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणजे पुढच्या रांगेला व्यवस्थित ऐकू येणारा माणूस मागच्याला पुटपुटल्यासारखा वाटतो. म्हणून बागेत माईकशिवाय गोष्ट सांगायची तर माणसं रुंद पसरवू नका, अर्धगोलात जवळ बसवा. शिवाय ऊन, वारा, पाऊस. उन्हात मुखपृष्ठं वाकतात, वाऱ्यात पानं फडफडतात, आणि पाऊस आला तर काय हे आधीच ठरलेलं पाहिजे. ‘बघू तेव्हा’ हे उत्तर चालणार नाही, दुसरी जागा बोलून ठेवा आणि सकाळी किती वाजता निर्णय घ्यायचा तेही ठरवा.

स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, व्हीलचेअर जाईल असा रस्ता, विजेचे पॉइंट, हे सगळं स्वतः जाऊन बघा, फोनवर ‘हो हो आहे सगळं’ यावर जाऊ नका. परवानग्यांचं तसंच. जागेच्या मालकाची, स्थानिक प्रशासनाची, लाऊडस्पीकरची, जी काही लागत असेल ती लेखी घ्या आणि त्या दिवशी खिशात प्रत ठेवा.

पुस्तकं कुठून आणायची? विकत घेऊन ठेवायची तर अजिबात गरज नाही. पुस्तकविक्रेत्याशी किंवा प्रकाशकाशी सरळ बोला की विकली गेली त्याचे पैसे, उरलेली परत. बरेच जण तयार होतात पण किती प्रती आल्या, किती गेल्या याची यादी दोघांच्या सहीने करा, नाहीतर शेवटी चांगल्या ओळखी बिघडतात. आणि विक्रेत्याला कार्यक्रमाची यादी आधी द्या! कोण कुठली गोष्ट सांगणारे, कोण कुठली कविता गाणारे, त्यातली पुस्तकं त्याने आणलीच पाहिजेत. हे एवढं साधं आहे तरी निम्म्या महोत्सवांत होत नाही. गोष्ट ऐकून मूल आईला ओढत टेबलापाशी नेतं आणि तिथे स्वयंपाकाची आणि शेअर मार्केटची पुस्तकं.

दुसरं म्हणजे अदलाबदलीचं टेबल, ते जरूर ठेवा, कारण सगळ्यांकडे विकत घ्यायला पैसे असतीलच असं नाही. एक पुस्तक आणा, एक टोकन घ्या, टोकन देऊन एक पुस्तक न्या. दारातच एक जण बसवा जो पुस्तक बघून घेईल, कारण लोक अशा वेळी जुनी गाइडं, वाळवी लागलेले अंक आणि गेल्या दशकातल्या डायऱ्या आणून टाकतात. नम्रपणे परत करायचं, त्यात काही वाईट वाटून घेऊ नका. टोकन नसलेल्या मुलांसाठी थोडी टोकनं स्वतःकडे ठेवा. संध्याकाळी उरलेल्या पुस्तकांचं काय हे आधी ठरवा, एखादं वाचनालय किंवा शाळा बोलून ठेवा, पण त्यांना हवी तेवढीच निवडू द्या, गठ्ठे नेऊन आदळू नका.

मांडणी करताना कणा नाही, मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. कमी पुस्तकं मांडा पण दिसतील अशी मांडा. मोठ्यांचं टेबल असतं साधारण ७५ सेंटिमीटर उंच, चार वर्षांच्या मुलाच्या जवळपास खांद्यापर्यंत ती कड येते आणि त्याला वरची पुस्तकं नीट दिसत नाहीत, म्हणून मुलांची पुस्तकं सतरंजीवर किंवा खोक्यांवर लावा. हाताळू द्या. ‘हात लावू नका’ अशी पाटी लावायची असेल तर महोत्सवच करू नका. आणि हे टेबल गोष्टींच्या कोपऱ्यातून बाहेर पडायच्या वाटेवर हवं, वाटेच्या पलीकडे नाही. दहा पावलांत पोचलं पाहिजे. पाहिजे तर आदल्या दिवशी चालून बघा.

गोष्टी सांगणाऱ्यांकडे येऊ. नावाजलेला माणूस मिळाला तर उत्तम पण तुमच्याच भागात गोष्ट सांगणारे असतात, निवृत्त शिक्षक, एखादी आजी, नाटकात काम करणारा कोणी कॉलेजचा पोरगा, बस कंडक्टर. फक्त ‘छान बोलतात’ एवढ्यावर घेऊ नका, आधी पूर्ण गोष्ट ऐकून घ्या, फोनवर चालेल. ऐकताना घड्याळ लावा. लहान मुलांना पाच-सात मिनिटांच्या वर एक गोष्ट ताणू नये, आठ-दहा वर्षांच्या मुलांना दहा-बारा मिनिटं चालतं, मोठ्या माणसांनाही त्याहून जास्त नको, त्यांना फक्त वाटतं की ते जास्त वेळ बसू शकतात. सांगणाऱ्याला पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं पाठ हवं, मधलं आपोआप येतं. शेवट पाठ नसला की माणूस ‘तर अशी ही गोष्ट… आणि मग… तर यातून आपल्याला काय शिकायला मिळतं’ असं करत बसतो आणि मुलं उठून जातात. तात्पर्य सांगू नका असं आधीच सांगून ठेवा, विशेषतः शिक्षकांना.

बसण्याची रचना बघा. सांगणाऱ्याच्या मागे भिंत हवी. मागे खिडकी असेल तर उजेडामुळे चेहरा काळा दिसतो, मागे दार असेल तर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. मुलं खाली पुढे, मोठे मागे खुर्च्यांवर, आणि दोन्ही बाजूंनी उठून जायला वाट ठेवा, कारण लहान मुलांना मधेच जायचं असतंच. जपानमध्ये कामिशिबाई म्हणून एक प्रकार आहे, १९३० च्या दशकात तो तिथे रस्त्यारस्त्यांवर चालायचा, लाकडी चौकटीत चित्रांची कार्डं सरकवत सरकवत गोष्ट सांगायची आणि मजकूर कार्डाच्या मागे. पुठ्ठ्याची चौकट करून हे कोणालाही जमतं, चित्रं मुलांकडूनच काढून घेतलीत तर त्या मुलांचे आईवडील, काका-मावश्या सगळे ऐकायला येतात ते वेगळंच!

मोठ्यांसाठी खुला माईक ठेवा. न्यूयॉर्कला १९९७ मध्ये द मॉथ नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यांच्या स्पर्धेत नावं चिठ्ठ्यांतून निघतात, प्रत्येकाला पाच मिनिटं, खरी घडलेली स्वतःची गोष्ट, आणि कागद बघून वाचायचं नाही. हा नियम जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. एक विषय द्या, समजा ‘मी परत न केलेलं पुस्तक’, आणि बघा काय काय निघतं. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, समोर बसलेल्याने ‘१ मिनिट’ लिहिलेला पुठ्ठा दाखवायचा आणि मग उभं राहायचं. कोणी कितीही मोठा असो. एकाला सूट दिली की पुढचे सगळे दहा मिनिटं बोलतात.

अजून एक प्रकार सुचवतो, माणसांचं वाचनालय. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या काही तरुणांनी २००० साली तिथल्या रोस्किल्ड संगीत महोत्सवात हे सुरू केलं, पुस्तकाऐवजी माणूस ‘इश्यू’ करायचा आणि त्याच्याशी अर्धा तास समोरासमोर बसून बोलायचं, त्याला विचारायचं. नर्स, अंध व्यक्ती, स्मशानात काम करणारा, परराज्यातून आलेला मजूर. तीन-चार माणसं पुरतात पण बोलणाऱ्याला नको तो प्रश्न नाकारायचा हक्क आहे हे वाचकाला आधी सांगायचं आणि जवळ एक व्हॉलंटियर ठेवायचा.

गाणी. इथे माझं मत थोडं कडक आहे, गाणी ‘गर्दी जमेपर्यंत’ म्हणून ठेवू नका. त्यात गाणाऱ्याचाही अपमान आणि लोकही गप्पा मारत बसतात. गाणं गोष्टीच्या मागे ठेवा, एक गोष्ट झाली की एकच गाणं, मग दहा-पंधरा मिनिटं मोकळी, आणि निवेदकाने त्या मोकळ्या वेळात स्पष्ट सांगायचं की आत्ता ऐकलेलं त्या उजवीकडच्या टेबलावर आहे. कवितांना चाली लावून म्हणणारे मिळाले तर फारच छान, कारण कवितासंग्रह एरवी कोणी हातात घेत नाही. वाद्यं कमी ठेवा. एखादं तंतुवाद्य, एखादी पेटी, हलका ठेका. जोरदार ड्रमवाला बँड ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, गोष्टींचा कोपरा बंद झाल्यावर. गोष्टीखाली पार्श्वसंगीत द्यायचं असेल तर एकच वाद्य आणि दोघांनी किमान एकदा एकत्र बसून कुठे थांबायचं हे ठरवलेलं हवं, नाहीतर वाजवणारा रंगात येतो आणि सांगणाऱ्याचे शब्द बुडतात.

साउंडचं काम जाणत्याला द्या पण चार गोष्टी स्वतःला माहीत असू द्या. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे शिट्टी मारत नाही. माईक तोंडापासून चार बोटं, आणि हात दांड्यावर, वरच्या जाळीला मुठीत धरलं की शिट्टी आलीच. वायरलेस माईकचे सेल नवीन घाला आणि एक वायरचा माईक जोडून तयार ठेवा. साउंड चेक उलट्या क्रमाने करा, म्हणजे शेवटी गाणाऱ्याचा पहिला आणि पहिल्याचा शेवटी, मग पहिल्याची सगळी सेटिंग जागच्या जागी राहतात आणि कार्यक्रम वेळेत सुरू होतो. आणि ‘हॅलो हॅलो, चेक’ एवढ्यावर भागवू नका, प्रत्येकाला खरीखुरी दोन वाक्यं बोलायला लावा, कारण हॅलो सगळेच जोरात म्हणतात आणि गोष्ट सांगताना आवाज खाली जातो.

हक्कांचा विषय कंटाळवाणा आहे पण टाळू नका. छापलेलं पुस्तक जाहीर वाचणं किंवा कविता गाणं यासाठी परवानगी लागू शकते. बर्न करार म्हणून १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, भारतात ही मुदत ६० वर्षं आहे, युरोपीय देशांत ७०. लोककथा कोणाच्याही मालकीची नाही पण एखाद्याने आपल्या शब्दांत लिहिलेली तीच लोककथा त्याची असते, आणि अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, मूळ लेखक कितीही जुना असो. सोपा मार्ग म्हणजे प्रकाशकाला आणि लेखकाला चार ओळींचा मेल टाका, पुस्तकं तुमच्या टेबलावर विकायला ठेवणार आहोत हेही लिहा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. गाण्यांचं त्या त्या देशातल्या संगीत हक्क संस्थेकडे विचारून घ्या, आणि रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणार असाल तर ती परवानगी वेगळी लागते.

पैशांबद्दल. खर्चाच्या बाबी लिहा, जागा, साउंड, कलाकारांचं मानधन, प्रवास, छपाई, सफाई, आणि या सगळ्याच्या वर दहा टक्के अडीअडचणीला. कलाकारांना पैसे द्या, कमी असतील तर कमी पण आधी आकडा सांगा आणि त्याच दिवशी हातात द्या, ‘तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळेल’ हे वाक्य आता बंद करायला हवं. पैसे देणं शक्यच नसेल तर निमंत्रणातच तसं लिहा. पहिल्या वर्षी तिकीट नको, देणगीची पेटी ठेवा, स्टॉलवाल्यांकडून थोडं भाडं घ्या, एखादा प्रायोजक घ्या पण त्याचं भाषण ठेवायचं नाही हे आधी बोलून घ्या. नंतर बोललात तर भांडण.

प्रसिद्धीला पोस्टरवर तीनच गोष्टी मोठ्या, कधी, कुठे, कोणासाठी. बाकी सगळं बारीक. सगळ्या पाहुण्यांचे गोल गोल फोटो लावलेलं पोस्टर कोणी वाचत नाही. त्यापेक्षा गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजातली एक मिनिटाची क्लिप करा आणि ती ऐन उत्सुकतेच्या जागी तोडा, पुढचं रविवारी. शाळांमध्ये नोटीस लावण्यापेक्षा दोन वर्गांत जाऊन एक गोष्ट सांगून या.

मुलं येणार म्हणजे काही गोष्टी पक्क्या हव्यात. कुठलाही व्हॉलंटियर एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही, हरवलेल्या मुलाला कुठे आणायचं ती जागा ठरलेली, प्रथमोपचाराची पेटी आणि ती उघडता येणारा माणूस, आणि मुलांचे फोटो पालकांना विचारूनच.

वेळापत्रक सैल ठेवा. दोन कार्यक्रमांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं रिकामी दिसली की कोणीतरी म्हणतंच की इथे अजून एक गाणं बसेल. बसवू नका, पुस्तकं तेवढ्याच वेळात बघितली जातात. आणि मुख्य जागा आणि गोष्टींचा कोपरा एकाच वेळी चालू असतील तर एकाचा आवाज दुसऱ्याकडे जातो का हे दोन्हीकडे एकदमच बोलून, गाऊन तपासा. उद्घाटन पाच मिनिटांत उरका, शक्य असेल तर ठेवूच नका, एखाद्या मुलाला माईक द्या आणि आवडत्या पुस्तकातली दोन वाक्यं वाचायला सांगा, झालं उद्घाटन.

संपल्यावर त्याच आठवड्यात टीमने बसायचं. किती आले यापेक्षा कुठल्या गोष्टीनंतर कुठली पुस्तकं गेली ते विक्रेत्याला विचारा, अदलाबदलीत काय संपलं आणि काय पडून राहिलं ते लिहा, नवे वाचनालय सभासद किती झाले ते बघा. जमाखर्च ग्रुपवर टाका, पैशापैशाचा. ज्यांनी खुल्या माईकवर गोष्ट सांगितली त्यांचे नंबर त्यांना विचारून घेतलेले असतील तर महिन्यातून एकदा वाचनालयात बसायचं का असं त्यांना विचारा, पुढच्या वर्षीचे सांगणारे त्यातूनच मिळतात, आणि पुढच्या वर्षीसाठी हॉल लागणार असेल तर तो आत्ताच बुक करून टाका, चांगले हॉल सहा-सहा महिने आधी जातात.